वाटणीतली गाडी आणि गोमा डायवर

गोमाला कुणी नुसतं गोमा म्हणून हाक मारली की त्याला हमखास ऐकू यायचं नाही. गोमा डायवर म्हटलं की मात्र लगेच मान वळायची. बोईसरच्या उगवतीला डोंगराच्या पायथ्याशी त्याचा पाडा होता, आणि त्या पाड्यावर याआधी कुणाच्या नावापुढे काही लागलं नव्हतं. पावसाळ्यात उतारावरच्या एवढ्याशा वरकस तुकड्यावर नागली लावायची आणि पाऊस सरला की शेठ लोकांचं गवत कापायला जायचं, एवढाच पाड्याचा उद्योग. ते गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. वखारीवर ते दाबून त्याच्या गासड्या बांधत आणि ट्रकवर चढवत. गासड्या चढवता चढवता एका वर्षी गोमा स्वतःच ट्रकवर चढला आणि परत उतरायचं विसरला. आधी क्लिनर झाला, दोन-तीन पावसाळे शिव्या खाल्ल्या, मग ठाण्याला जाऊन लायसन काढून आला.

तेव्हापासून पायी चालणाऱ्या माणसांविषयी त्याचं मत फार वाईट झालं. रस्त्यानं गवताचे भारे घेऊन चाललेली पाड्याचीच माणसं दिसली की तो हॉर्न वाजवायचा तो सावध करण्यासाठी नव्हे, तर आपण कोण आहोत हे कळावं म्हणून. बैलगाडीवाले आळशी, सायकलवाले उपटसुंभ, मालक लोक बिनडोक, असा त्याचा सगळ्या जगाविषयी एक एक शेरा ठरलेला होता. ही सगळी ऐट डायवरच्या कापडी गादीच्या त्या एका चौकोनी तुकड्यावर बसलेली आहे, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. गादी गेली की हातात पुन्हा विळा. नाक्यावरच्या हॉटेलच्या बाकावर लायसन खिशात घालून बसलेले दोन-चार जण नेहमी दिसायचे, आणि ते कशाची वाट बघत बसलेत हे गोमाला सांगायला नको होतं.

आता ज्या मालकांना तो बिनडोक म्हणायचा ते मालक बघा. चिंचणीचे चुरी बंधू. थोरला नरहरी, धाकटा आत्माराम. वाडवडिलांची नारळी-केळीची वाडी, खाऊनपिऊन सुखी, आणि एकमेकांचं तोंड बघायला राजी नाहीत. नरहरीनं जन्मात एक वस्तू फेकलेली नव्हती. त्याच्या छत्रीला मूळ कापड कुठलं आणि ठिगळ कुठलं हे त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. वहाणेचा तळ गेला की तो नवा तळ लावायचा, अंगठा गेला की नवा अंगठा, आणि ही वहाण आपल्या लग्नातली आहे असं छाती फुगवून सांगायचा. आत्मारामची तऱ्हा उलटी. टेरिलीनचा सदरा, गळ्यात अडकवलेला ट्रान्झिस्टर, आणि एखाद्या वस्तूवर ओरखडा आला की ती त्याच्या मनातून उतरलीच. थोरला धाकट्याला उधळ्या म्हणायचा, धाकटा थोरल्याला भंगारवाला. दोघांचंही खरंच होतं, त्यामुळे भांडण मिटायला काही कारण नव्हतं.

तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं तेव्हा त्यांचा बाप जिवंत होता. समुद्राकाठी खणाखणी सुरू झाली, दगड-खडी-रेती जितकी टाकाल तितकी जमीन गिळायला लागली, आणि ज्याच्याकडे चार चाकं होती तो शेठ झाला. म्हाताऱ्यानं लिलावातून लढाईच्या वेळची एक ट्रक आणली आणि गोमाला तिच्यावर बसवला. वर्षभरात म्हातारा गेला, आणि तेराव्याचं जेवण उरकतंय न उरकतंय तोच दोघा भावांनी वाटणी मागितली.

वाटणीचं काम त्या किनाऱ्यावर मोठं बारकाईनं करतात. पाच शहाणी माणसं बसली. नारळ झाड मोजून वाटले. बांधावरच्या शेवग्याच्या शेंगा ज्याच्या अंगाला लोंबतील त्याच्या. विहीर कापता येत नाही म्हणून पाण्याची पाळी, एक आठवडा थोरल्याची, एक आठवडा धाकट्याची. हे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं होतं आणि त्यात काही वावगंही नव्हतं. पण मग ट्रक पुढे आली, आणि त्या पाच शहाण्यांनी ट्रकचीही विहीर केली. एक आठवडा नरहरीचा, एक आठवडा आत्मारामचा. इंजिनाचा खर्च दोघांचा निम्मा निम्मा. बाकी गाडीच्या मधोमध रेघ धरायची, डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. आपापल्या बाजूची चाकं, आपापल्या बाजूची मोडतोड ज्यानं त्यानं बघायची. जादा चाक कुणाच्या घरी ठेवायचं यावरून सकाळ गेली, शेवटी ते पंचांपैकीच एकाच्या पडवीत ठेवलं. इतका सगळा न्याय करून पंच चहा पिऊन घरी गेले. गाडी चालवणारा माणूस अंगणात बाभळीखाली उकिडवा बसला होता, पण त्याचा विषय कुणाच्या डोक्यातही आला नाही.

गोमाला तेव्हा या सगळ्याचं हसूच आलं होतं. हॉटेलवर जाऊन त्यानं ती गोष्ट इतकी रंगवून सांगितली की बाकावरचे लोक पोट धरून हसले. डाव्या शेठच्या आठवड्यात डावीकडे वळायचं आणि उजव्या शेठच्या आठवड्यात उजवीकडे, असंही त्यानं वर जोडून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गाडीचे पाटे बसले. चाकाच्या वर लोखंडी पट्ट्या एकाखाली एक रचून कमान बांधलेली असते, ती गाडीचा सगळा भार तोलते, तिला पाटे म्हणतात. दगडाच्या खाणीपासून केंद्राच्या साइटपर्यंत रस्ता कसला, नुसते खड्डे, आणि वर दगड भरायचा तो फळ्यांच्याही वर शीग लावून. मागच्या दोन्ही कमानी उतरून सपाट झाल्या, डावीकडचा एक पाटा तडकला, पाटे ज्या पिनांवर झुलतात त्या पिना झिजून खडखडायला लागल्या. खड्डा आला की गाडीचं बूड थेट आसावर आपटायचं आणि त्याचा दणका गोमाच्या मणक्यातून डोक्यापर्यंत जायचा.

गोमानं दोघांना जाऊन सांगितलं. दोघांना वेगवेगळं सांगावं लागायचं, कारण एका जागी ते बसत नसत. तो म्हणाला, "शेठ, काय बी करा, पन दोनी बाजू येका हाताच्या करा. ठोकून घ्याच्या तं दोनी ठोकून घ्या. नव्या आनाच्या तं दोनी नव्या आना."

ह्यातलं निम्मं नरहरीनं ऐकलं आणि निम्मं आत्मारामनं. जुने पाटे काढून, लाल करून, ठोकून त्यांना पुन्हा कमान द्यावी, तडकलेला तेवढा बदलावा, पिनांना नवी पुंगळी बसवावी, असा डायवरचाही सल्ला आहे, हे नरहरी गावभर सांगत सुटला. जुनं लोखंड कसं मुरलेलं असतं, आजकालच्या लोखंडात कशी माती असते, यावर त्यानं भर दुपारी नाक्यावर उभं राहून व्याख्यान दिलं. आत्माराम त्याच डायवरच्या तोंडचा दाखला देऊन सांगत होता की थकलेल्या लोखंडाला कितीही बडवलं तरी ते चार महिन्यांत परत बसतं, शहाण्यानं सरळ नवा जोड आणावा. खरं सांगायचं तर दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. चांगल्या हातानं ठोकलेला पाटा टिकतो, नवाही टिकतो. एकानं दुसऱ्याचं ऐकलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण ऐकायचं म्हणजे लहान व्हायचं, आणि त्या घराण्यात लहान व्हायला आत्मारामसुद्धा तयार नव्हता, जो जन्मानंच लहान होता.

तेव्हा वाटणीचा कायदा पुढे आला. माझी बाजू, मी बघेन.

नरहरीनं डावीकडचे पाटे सोडवून बोईसरला चिंधू लोहाराकडे नेले. चिंधू हाताचा चांगला होता. त्यानं एकेक पाटा भट्टीत तापवून वाकवला, तेलात बुडवून पाणी पाजलं, तडकलेल्याच्या जागी दुसऱ्या एका मोडक्या गाडीचा पाटा घातला. हे चालू असताना नरहरी समोर दगडावर बसून होता आणि काढून टाकलेले बोल्ट आणि झिजलेली पिन सोबत घरी घेऊन गेला, कारण कधी ना कधी उपयोगी पडतील. आत्माराम मुंबईला गेला आणि तेलकट कागदात गुंडाळलेले कोरे करकरीत पाटे घेऊन आला. ते त्यानं लगेच बसवले नाहीत. दोन दिवस ओटीवर ठेवले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत म्हणून.

दोन्हीकडचे पाटे चढले आणि गाडी उभी राहिली ती डाव्या खांद्यावर झुकून. नव्या पाट्यांची कमान चार बोटं उंच होती. रिकामी असताना ते जरा झाकून जायचं, भरली की गाडी एखाद्या बाईनं एका कडेवर हंडा घ्यावा तशी दिसायची.

नरहरीचं म्हणणं, माझी बाजू मूळच्या मापाची आहे, ह्याचीच बाजू माजली आहे, त्यानं ती खाली करावी. आत्मारामचं म्हणणं, माझी बाजू कारखान्याच्या मापाची आहे, ह्यानं आपली मेलेली बाजू वर आणावी. पंचांकडे गेले. पंचांनी गाडीला एक फेरी मारली, वाकून बघितलं, आणि दोन्ही बाजू आपापल्या मालकानं नीट केलेल्या आहेत, त्यात वाटणीचा भंग कुठे होत नाही, असा निवाडा दिला. चिंधूनं एका दिवसात डाव्या पाट्यांना उजव्याच्या मापानं कमान दिली असती. पण ते त्याला सांगायचं कुणी? नरहरीनं सांगितलं तर तो हरला, आणि आत्मारामनं सांगायचं तर ती त्याची बाजू नव्हे.

आणि गोमा? गोमानं एवढं सगळं कळत असताना काय करावं? गाडी उभी करावी, किल्ली टाकावी आणि म्हणावं, शेठ, ही गाडी मी चालवत नाही. तेवढं सोडून त्यानं सगळं केलं. साइटच्या फाटकाजवळ परमुलखातले डायवर चहा पीत उभे असायचे. त्यातला एक उंचाडा हसून म्हणाला, "क्या रे गोमा, तेरी गाडी दारू पीती है क्या?" सगळे हसले. गोमाला ते झोंबलं, आणि झोंबलं की तो मागे हटण्याऐवजी पुढे जायचा. तो म्हणाला, सरळ गाडी तर कुणीही गाढव चालवतं, वाकडी चालवायला डायवर लागतो. मग ते खरं करून दाखवणं आलं. तो अंग उजव्या दारावर टाकून बसायला लागला. वळणावर गाडी एका अंगाला जायला लागली की स्टेअरिंग कसं सोडायचं आणि कसं धरायचं याची त्यानं एक कला केली आणि फाटकावर तिची फुशारकी मारायला लागला. डायवर लोक आता त्याला वाकडा डायवर म्हणत, आणि हा मूर्ख त्यातही खूश होता.

त्याची बायको लाडकी साइटवर दगडांच्या पाट्या उचलायला होती. ती फार बोलणारी नव्हती, पण बोलली की सोडायची नाही. एकदा गाडी रिकामी होत असताना ती जवळ आली, डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली आणि गाडीकडे बघत राहिली.

"ही येक दिवस पडंल," ती म्हणाली.

गोमा म्हणाला की पडायला ती काय लाडकी चालवते आहे का.

"गाडी त्यांची हाय. बाजू बी त्यांच्या हायत. हातपाय तेवढे तुजे हायत," लाडकी म्हणाली.

गोमानं ते उडवून लावलं. पाट्या उचलणाऱ्या बाईला गाडीतलं काय कळतं, असं तो तिला तोंडावर म्हणाला, आणि मनातही तेच म्हणाला. पण मनात दुसरंही एक होतं, ते त्यानं बायकोला सांगितलं नाही. आपण किल्ली टाकली तर संध्याकाळच्या आत हॉटेलच्या बाकावरचा कुणीतरी ती उचलेल, आणि पाऊस सरल्यावर आपण लाडकीबरोबर पुन्हा गवतावर जाऊ. वाकडी का होईना, गाडी होती.

आठवडा नरहरीचा होता. आपल्या आठवड्यात मालक शेजारी बसायचा, डायवर डिझेल विकतो की काय यावर डोळा ठेवायला. त्या दिवशी मात्र सालवडला कुणाकडे तरी सायकलची जुनी चेन निघाली आहे असं कळल्यावर नरहरी तिथंच उतरला. गोमा एकटाच पुढे गेला. गाडीत शीग लावून दगड. साइटच्या अलीकडे रस्ता खाडीच्या दलदलीतल्या खाजणाच्या कडेनं जातो आणि तिथं उजवीकडे एक वळण आहे. गोमानं ते रोज घेतलेलं होतं. त्या दिवशी समोरून एक रेतीची गाडी आली म्हणून त्याला कडेला जावं लागलं, डावं चाक कडेच्या भुसभुशीत मातीत उतरलं, आणि आधीच डाव्या खांद्यावर झुकलेली गाडी सगळा दगड घेऊन त्या अंगावर गेली. गोमाची कला त्या वेळी काही उपयोगाला आली नाही. गाडी अगदी सावकाश, दमून आडवं व्हावं तशी, खाजणाच्या चिखलात आडवी झाली. गोमा वरच्या अंगाकडून खालच्या अंगाला पडला आणि त्याचा पाय क्लचच्या दांडीत अडकून घोट्याच्या वर मोडला.

रेतीच्या गाडीवाल्यांनी त्याला ओढून काढलं आणि बांधावर ठेवलं. लाडकी साइटवरून धावत आली. तिनं लुगड्याचा पदर फाडून पाय बांधला. रडली नाही, दात आवळून बांधत राहिली. गोमाच्या डोळ्यांपुढे अंधाऱ्या येत होत्या.

सालवडहून नरहरी आला, हातात सायकलची चेन घेऊन. चिंचणीहून आत्माराम आला. दोघांनी बांधावरच्या माणसाकडे एकदा पाहिलं, जिवंत आहे एवढी खात्री केली, आणि दोघे चिखलात उतरले. एक गाडीच्या बुडाकडे या अंगानं गेला, दुसरा त्या अंगानं. टेरिलीनचा सदरा चिखलात लोळला. थोरला गुडघ्यावर रांगत होता, धाकटा पोटावर पडून बघत होता. गोमाला वाटलं, चाकाखाली आणखी कुणी सापडलं की काय. तो मान उचलून बघायला लागला.

आधी नरहरीचा आवाज आला, आणि त्या आवाजात सरळ सरळ आनंद होता. "माजे पाटे शाबूत हायत," तो ओरडला. "येक बी सरकला नाय."

"माजे काय मोडले?" पलीकडून आत्माराम ओरडला. "ये, हात लावून बग. ये की."

मग दोघांनी एकमेकांच्या बाजूला जाऊन खरोखरच हात लावून पाहिलं. पाटे शाबूत होते. पिना शाबूत होत्या. ठोकलेली कमान तशीच होती, कोरी कमानही तशीच होती. चूक दाखवायला बोट ठेवण्याएवढी जागा दोघांपैकी कुणालाही सापडली नाही, आणि त्यामुळे दोघेही फार निराश झाले. गाडी मग पडली कशानं, असं नरहरीनं सगळ्यांसमोर विचारलं आणि गोमाकडे बघितलं. आत्मारामनंही त्याच्याकडे बघितलं.

लाडकी तेव्हा उठून उभी राहिली. ह्याला पालघरच्या दवाखान्यात न्यायला पाहिजे, कोण नेतो, एवढंच तिनं विचारलं.

आत्माराम म्हणाला, आठवडा दादाचा आहे.

नरहरी म्हणाला, "आठवडा माजा हाय, पन डायवर बसतो उजव्या बाजूला. उजवी बाजू कुनाची?"

आत्माराम बांधावर चढून आला. मग त्यानं गोमाच्या पायाकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, "पन पाय तं डावा मोडलाय."

हे तो थट्टेनं म्हणाला नाही. नरहरीलाही ते थट्टेचं वाटलं नाही, तो खरंच विचारात पडला. बांधावर जमलेल्या वीस-पंचवीस माणसांपैकी एक-दोघांनी माना हलवल्या, म्हणजे मुद्दा बरोबर आहे असं. गोमाला एवढ्या कळांत एकदम राग आला, त्या दोघांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण ह्याच दोघांच्या बाजू सांभाळण्यासाठी तो दोन महिने दारावर अंग टाकून बसला होता.

"उजवा पाय कुनाचा ते बी ठरवून ठेवा, शेठ," तो म्हणाला. "म्होरल्या वक्ताला घोळ नको."

पंचांना बोलवावं असं कुणीतरी सुचवलंही. तेवढ्यात पाड्याची माणसं आली. ती साइटवर मातीकाम करत होती, आणि ह्यांच्याच कानांत गोमानं वर्षभर हॉर्न वाजवला होता. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली, गोमाला तीत घातलं आणि उचललं. बोईसरला झोळी आगगाडीत चढवून त्यांनी त्याला पालघरला पोचवलं. त्यातलं कुणी त्याला टोचून एक शब्द बोललं नाही, आणि ते बोलले असते तर गोमाला बरं वाटलं असतं.

पाय सांधला. मधला सगळा पावसाळा गोमानं पाड्यावर खाटेवर काढला. लाडकीनं एकटीनं नागली लावली. गोमा खाटेवरून पाय दाबून बघायचा, क्लच दाबल्यासारखा, आधी हळू आणि मग जोरानं. दिवाळी झाल्यावर तो काठी टाकून चालायला लागला. थोडं दुखायचं, पण पायात जोर आला होता. चिंचणीहून एवढ्या दिवसांत कुणी आलं नव्हतं. गोमा म्हणायचा, येतील कसे, कुणी यायचं हेच त्यांचं ठरत नसेल. लाडकी म्हणाली की तू जाऊ नको. तो गेला.

चुरींच्या अंगणात गाडी उभी होती, धुतलेली, आणि अगदी सरळ. गोमानं आधी तिच्याभोवती एक फेरी मारली. डावे पाटे चिंधूकडून उजव्याच्या मापानं करून घेतले होते. गाडी चिखलातून काढायला दोघांचेही खिसे सारखेच रिकामे झाले, तेव्हा कुठे हे सुचलं होतं. ओटीवर दोघे भाऊ शेजारी शेजारी बसून चहा पीत होते. इतकं शहाणपण आल्यावर आता आपलंही काम सोपं होईल असं गोमाला वाटलं.

पाय बरा झाला, कधीपासून येऊ, असं त्यानं विचारलं. आणि कुणी न विचारताच अंगणात इकडून तिकडे चालून दाखवलं, डावा पाय आपटून दाखवला.

नरहरीनं बशी खाली ठेवली. एक वाणगावचा माणूस ठेवला आहे, चांगला आहे, असं तो म्हणाला. मोडून सांधलेल्या पायाचा काय भरवसा, ऐन वेळी दगा दिला तर गाडी पुन्हा जायची. त्यापेक्षा नवा माणूस बरा.

गोमाला आधी वाटलं, हे आत्माराम बोलला. मग त्यानं थोरल्याच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"शेठ," तो म्हणाला, "तुमी तं झिजल्याली पिन बी टाकली नाय. बसल्याल्या पाट्याच्या कमानी ठोकून घेतल्या."

नरहरीला राग आला नाही. लहान पोराला समजावावं तसं त्यानं शांतपणे समजावलं.

"पाट्याचं येगळं हाय, गोमा. पाटा इकत आनावा लागतो."

गोमा आत्मारामकडे वळला. टेरिलीनचा सदरा घातलेल्या, जन्मात थोरल्याच्या एका शब्दाला होकार न दिलेल्या त्या माणसानं चहाचा घोट घेतला आणि मान डोलावली. "दादा बोलतो ते बरोबर हाय," तो म्हणाला.